बारा आणे बरं

मावशी खुर्चीत टेकल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बाई, बारा आणे बरं हाय."

आमच्या भागातले पेशंट बरं वाटणं आण्यांत सांगतात. चार आणे फरक पडला, आठ आण्यावर आलंय, सोळा आणे बरा झालो. 1957 साली दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला. या मावशींचा जन्म त्यानंतरचा, पण आईच्या तोंडून आलेलं माप त्यांनी टाकलेलं नाही. मला निपाणीत दवाखाना काढून आता वीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत "किती आणे?" हे मी किती वेळा विचारलं असेल याची गणतीच नाही. उत्तर ऐकायचं, औषध चालू ठेवायचं की बदलायचं ते ठरवायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची, एवढंच मी करत आले. पेशंटने सांगितलेलं हे मोजमाप रक्ताच्या रिपोर्टइतकंच जपून ठेवायची गोष्ट आहे, हे मला उशिरा कळलं. आणि कळल्यावरही माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

पेशंट रिपोर्टेड आउटकम मेझर असं त्याचं लांबलचक नाव आहे. आम्ही बोलताना नुसतं प्रॉम म्हणतो. आपल्याला काय होतंय, काय करता येतं, काय येत नाही हे पेशंटने स्वतः सांगायचं. प्रश्न ठरलेले, उत्तरं गुणांत, आणि मधे डॉक्टरने आपला अर्थ घालायचा नाही. गुडघ्याची ऑपरेशनं करणाऱ्यांकडे ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची यादी असते, गुण 0 ते 48. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-9 आहे. माझ्याकडे छातीचे पेशंट जास्त, म्हणून मी सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागायच्या आजारासाठी, कॅट वापरते. 2009 साली आलेली ही प्रश्नावली अगदी छोटी आहे. खोकला, बेडका, छाती आवळणं, चढावर लागणारा दम, घरातली कामं, घराबाहेर पडायचा धीर, झोप आणि अंगातली ताकद. आठ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5, एकूण 40. आकडा जेवढा मोठा तेवढा त्रास जास्त. 10 किंवा त्याहून जास्त आले की त्रास जास्त धरायचा, आणि 2 गुणांचा फरक पडला तर तो पेशंटला जाणवणारा फरक मानायचा.

सीओपीडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विडी ओढणारा म्हातारा येतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी जन्मात विडी ओठाला लावलेली नाही. वळल्या मात्र लाखांनी. कुणी वखारीत तंबाखू चाळायच्या कामाला तीस-तीस वर्षं गेल्या. घरी आल्या की चूल. गॅस आला तरी न्हाणीतलं पाणी अजून लाकडावरच तापतं, आणि सकाळी ती चूल फुंकायला घरातली सगळ्यात म्हातारी बाईच बसते. या बायका दवाखान्यात येतात त्या अगदी रात्री बसून काढायची वेळ आली की मगच. "वयच झालंय की" म्हणून आधीची पाच-सहा वर्षं घरातच गेलेली असतात.

जून 2023 मध्ये कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना कर्नाटकाच्या गाडीत तिकीट लागेनासं झालं. त्यानंतर माझ्याकडच्या मावश्या, आज्ज्या तपासणीला नेमाने यायला लागल्या. आधी तिकिटाच्या पैशावरून तारीख चुकवणाऱ्या आता तारखेच्या आदल्या दिवशीच हजर. तेव्हा मला वाटलं, आता दर तीन महिन्यांनी कॅट भरून घ्यायला हरकत नाही. सिस्टरला शिकवलं. तिला मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच येतात. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटशेजारी बसून ती विचारायची, फॉर्म भरायची आणि फायलीला मागून टाचायची. मी समोरचं पान उघडायचे, स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचा, आकडा बघायचे, छाती ऐकायचे आणि लिहायचे, "स्थिर".

या मावशींच्या फायलीत मी तीन वेळा "स्थिर" लिहिलं.

चौथ्या वेळी बाहेरून त्यांचा आवाज आला. सिस्टरला म्हणत होत्या, "परत त्येच इचारता? मागल्या तीन टायमाला सांगितलंय की सगळं. त्येचं काय केलासा?"

सिस्टरकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी फाईल उलटी केली आणि मागचे तीन फॉर्म पहिल्यांदा नीट वाचले. बेरजा होत्या 22, 22, 21. नुसती बेरीज बघितली असती तरी मी स्थिरच लिहिलं असतं. पण आतले आकडे वेगळंच सांगत होते. चढावर दम लागतो का, या चौथ्या प्रश्नाला त्यांनी आधी 4, मग 3, मग 2 दिले होते. म्हणजे दम कमी होत चालला होता. आणि घराबाहेर पडायचा धीर होतो का, या सहाव्या प्रश्नाला 2, मग 4, मग 5. पाच म्हणजे अजिबात धीर नाही.

मी मावशींना आत घेतलं आणि दार लोटलं.

"मावशी, बाजाराला जाता?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. नात आणती भाजी."

"यल्लम्माच्या डोंगराला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्ये सोडलो बाई." आमच्याकडे बायकाही गेलो, आलो, सोडलो असंच म्हणतात.

"आणखी काय काय सोडलंत?"

हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही. तो माझ्या तोंडून आपसूक गेला. मावशींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मोठी घागर सोडली. शेजारणीकडे जायचं सोडलं, तिच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. कीर्तनाला जायचं सोडलं, कारण मधेच खोकला आला की सगळी माना वळवून बघतात. नातवाला कडेवर घ्यायचं सोडलं. करंगळीवर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि मोठ्यानं हसायचं सोडलो. हासलं की उबळ येती."

दम कमी का झाला होता ते मला तिथे समजलं. ज्याने दम लागेल असं काहीच त्या करत नव्हत्या. अंगण ते न्हाणी, न्हाणी ते खाट, एवढ्यात त्यांनी आपलं जगणं बसवून घेतलं होतं. जेवढा श्वास उरला होता तेवढ्यातच भागवत होत्या. तरी "बारा आणे बरं" हे खोटं नव्हतं. त्यांची तुलना होती दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीशी, जेव्हा मुलाने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं आणि ओठ निळे पडले होते. त्या रात्रीपुढे बारा आणे काय, पंधरा आणेही म्हणाल्या असत्या. आजारी माणसाची मोजपट्टीच आतून सरकते. त्याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. मी त्याबद्दल वाचलं होतं. समोर बसलेल्या बाईत तो मी ओळखावा म्हणून मात्र तिला आवाज चढवावा लागला.

बेळगावला आम्हा डॉक्टरांची बैठक असते. गेल्या पावसाळ्यात मी तिथे ही गोष्ट मांडली, नाव न सांगता, नुसते आकडे फळ्यावर लिहून. नंतर चहाच्या वेळी जी चर्चा झाली ती मला बैठकीपेक्षा मोलाची वाटली. डॉक्टरांना या प्रश्नावल्यांबद्दल खरंच काय वाटतं, ते चहाच्या कपाशीच कळतं.

पहिला मुद्दा अर्थातच वेळेचा. "मॅडम, ओपीडीला सत्तर-ऐंशी पेशंट. जेवायला चार वाजतात. फॉर्म कधी भरू?" हे कुणी टाळाटाळ म्हणून बोलत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आठ प्रश्न विचारायचे तर पाच-सात मिनिटं जातात, त्यात दोनदा सून मधे बोलते आणि एकदा फोन वाजतो. मी सगळ्यांना फॉर्म देत नाही. एकच आजार, तीन महिन्यांतून एकदा. तेवढं जमतं. त्याहून जास्त करायला गेले तर माझंही कोलमडेल.

चिकोडीकडचे एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत, मी त्यांना सर म्हणते. ते म्हणाले, "पेशंट दारातून आत येतो तेव्हाच मला कळतं." त्यांना कळतं यात मला शंका नाही. चाळीस वर्षांची नजर आहे. कोण आज रात्री बिघडणार, हे त्यांना माझ्या आधी कळेल. पण दारातून आत येतं ते माणूस. घरी त्याने काय सोडलंय ते दारातून येत नाही. शिवाय पेशंट आपल्या त्रासाचं जेवढं सांगतो त्याहून कमी डॉक्टरच्या कागदावर उतरतं, हे कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. थकवा, मळमळ, झोप न लागणं, या गोष्टी आम्ही लिहितो त्या एक पायरी खाली लिहितो. सरांना मी तेही सांगितलं. ते म्हणाले, "असेल." एवढं म्हणाले तेही माझ्या दृष्टीने पुष्कळ.

एका सर्जन मित्राचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. इंग्लंडमध्ये एप्रिल 2009 पासून सरकारी खर्चाने होणाऱ्या चार ऑपरेशनांना आधी आणि नंतर अशा प्रश्नावल्या लागू केल्या. खुब्याचा सांधा, गुडघ्याचा सांधा, जांघेतला हर्निया आणि पायाच्या फुगलेल्या शिरा. त्याचे आकडे हॉस्पिटलनिहाय जाहीर होतात. 2017 मध्ये हर्निया आणि शिरा त्यातून काढल्या, सांधे राहिले. मित्राचं म्हणणं, "उद्या आपल्याकडे सरकारी आरोग्य योजनेचे पैसे या आकड्यावर ठरले तर अवघड पेशंट कोण घेणार? सत्तरीची, साखरेची, वजन जास्त असलेली बाई सगळेच दुसरीकडे पाठवतील." मला हे पटतं. माझ्या दवाखान्यातले आकडे जोवर मावशी आणि मी यांच्यात आहेत तोवरच ते खरे आहेत. ते वर पाठवायचे आणि त्यावर कुणाचा हिशेब व्हायचा असं झालं, तर बाकावर बसून विचारणाऱ्या सिस्टरचा आवाजही बदलेल. "बरंय ना आता?" असं विचारलं की आमचा पेशंट भिडेखातर "बरंय" म्हणतोच. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून बरं सांगणारी माणसं आहेत आमच्याकडची.

सगळे उठायला लागल्यावर तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारी एक तरुण डॉक्टर माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी पीएचक्यू-9 भरून घेत होते. बंद केलं."

का, ते तिने सांगितलं. पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा आहे. एका बाईने त्यापुढे 3 लिहिला. 3 म्हणजे जवळजवळ रोज. संध्याकाळचे सात वाजले होते, मानसोपचारतज्ज्ञ बेळगावात, शेवटची गाडी गेलेली, नवरा बाहेर मोटरसायकल चालू ठेवून उभा. ती म्हणाली, "मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. आणि मग माझ्याकडे काहीच नव्हतं."

डॉक्टर वेळेचं कारण सांगतात, त्याच्यामागे पुष्कळदा हे असतं, असं मला आता वाटतं. उत्तर आलं तर त्याचं करायचं काय, याची भीती. विचारलं नाही तर निदान आपल्याला माहीत तरी नव्हतं. मी स्वतः फॉर्म फायलीच्या मागे टाचू दिले, त्यातही हीच भीती असणार. सहाव्या प्रश्नाला 5 आले तर मी काय औषध लिहिणार होते?

त्या मुलीशी मी अर्धा तास बोलले. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. पेशंट समोर असतानाच तो लावायचा, घरच्या एका माणसाला आत घेऊन स्पष्ट सांगायचं, रात्री तिला एकटं ठेवायचं नाही, फवारणीचं औषध त्याच रात्री कुलपात जायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण स्वतः फोन करायचा. एवढं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं असेल, तरच नववा प्रश्न विचारावा. तिने ते वहीत उतरवून घेतलं. त्या बाईचं पुढे काय झालं ते मी विचारलं. जिवंत आहे, म्हणाली, माहेरी गेली आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलातला एक अभ्यास मी बैठकीत सांगितला होता. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे 766 पेशंट. एका गटाची नेहमीसारखी तपासणी, दुसरा गट आपला त्रास कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायचा. 2017 मध्ये निकाल आले. नेहमीच्या गटात मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, 26 महिने, स्वतः नोंद करणाऱ्या गटात 31.2. ऐकून सगळे थक्क झाले, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा झाले होते. पण त्यातली एक साधी गोष्ट झाकून जाते. त्रास वाढल्याची नोंद झाली की लगेच नर्सला ईमेल जायचा, आणि ती बहुतेक वेळा काहीतरी करायची. फोन, औषधात बदल, लवकर बोलावणं. महिने वाढले असतील तर त्या नर्सच्या हातून वाढले असं मी समजते. फॉर्म भरून फायलीला टाचणाऱ्या दवाखान्यात ते वाढणार नाहीत.

भाषेचंही सांगायला हवं, कारण सीमाभागात ते रोजचं आहे. मराठी फॉर्मवरची मराठी पुस्तकी असते. एका आज्जींना "घराबाहेर पडताना आत्मविश्वास वाटतो का" असं वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मला कोण अडवतंय? सून काय बोलत न्हाई." चढाचा प्रश्न विचारला की हमखास उलट प्रश्न येतो, "चढ म्हंजे तवंदीचा घाट का?" कन्नड बोलणाऱ्या पेशंटला सिस्टर "दम हत्ततैती एन्री?" असं विचारते तेव्हा मात्र दोन्हीकडच्यांना एकदम कळतं. दम हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच आहे. पण आपल्या मनाने शब्द बदलले की तो आकडा दुसऱ्या कुठल्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. या प्रश्नावल्यांचं भाषांतर करतात, ते पुन्हा मूळ भाषेत उलटं फिरवून बघतात, पेशंटना वाचायला देऊन काय समजलं ते विचारतात, मगच ते पक्कं होतं. त्या मेहनतीला माझा मान आहे. म्हणून मी फॉर्मचे शब्द तसेच ठेवते आणि खाली मोकळ्या जागेत पेनाने माझा एक प्रश्न लिहिते. काय करायचं सोडलंत? सिस्टर उत्तर आहे त्या शब्दांत लिहिते, शुद्ध करत नाही. फॉर्म आता फायलीच्या पहिल्या पानावर असतो आणि तो वाचल्याशिवाय मी स्टेथोस्कोप कानाला लावत नाही.

मावशींचं त्या दिवशी काय केलं? पंप ओढून दाखवा म्हटलं. कॅप्सूल फुटायची, पण त्या ओढायच्या ऐवजी आत फुंकायच्या. इतके महिने पावडर पदरावर पडत होती आणि मी डोस वाढवत होते. पावडरऐवजी फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी, दिला, तीनदा करून घेतलं. बशीतला चहा फुंकतात तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडायला सिस्टरने शिकवलं. न्हाणीतली चूल सुनेकडे द्यायची का, तर मग सुनेच्या छातीत धूर जाणार, म्हणून मुलाला बोलावून पाणी तापवायची दुसरी सोय करायला सांगितलं. त्याने केली. आणि रोज संध्याकाळी शेजारणीच्या तीन पायऱ्या चढायच्या, वर बसून यायचं, असं ठरलं. औषधाच्या चिठ्ठीवर मी ते लिहिलं, गोळ्यांच्या खाली.

तीन महिन्यांनी त्या आल्या. स्पायरोमेट्री तिथेच. कॅटची बेरीज 20, आधीपेक्षा एका गुणाने कमी. नियमाने बघितलं तर फरक नाही. आत मात्र सहाव्या प्रश्नाचे 5 चे 2 झाले होते, आणि चढावरचा दम 2 वरून 4 वर गेला होता.

"किती आणे, मावशी?"

"आठ."

"मागच्या वेळी बारा म्हणाला होतात."

"तवा घरातच बसून हुतो न्हवं." मग पिशवीतून कागदात बांधलेला भंडारा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "पौर्णिमेला डोंगराला गेलतो. गाडी लांब थांबली, तिथनं चालत गेलो. तीन ठिकाणी बसलो."

माझ्या प्रश्नापुढे सिस्टरने तेवढंच लिहून ठेवलं आहे: तीन ठिकाणी बसलो.